डोक्याला मार, दुखणं मानेत

१७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. अ‍ॅशेस मालिकेतली दुसरी कसोटी. जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या डाव्या कानाखाली, मानेवर बसला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण हेल्मेटच्या मागे मान झाकायला जो जोड लावतात तो त्याने लावला नव्हता. स्मिथ आडवा झाला, ८० धावांवर मैदान सोडून आत गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यात तो पास झाला आणि तासाभराच्या आत परत येऊन ९२ पर्यंत पोचलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकं ठणकत, गुंगीत असल्यासारखा. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटी क्रिकेटमधला तो पहिला कन्कशन सबस्टिट्यूट, म्हणजे मेंदूला हादरा (कन्कशन) बसलेल्या खेळाडूच्या जागी उतरणारा बदली. हेडिंग्लेची पुढची कसोटी स्मिथला बाहेर बसूनच पाहावी लागली.

चेंडू लागला मानेला आणि हादरा बसला मेंदूला. उलटंही होतं: मार लागतो डोक्याला आणि दुखावते मान. पहिली गोष्ट टीव्हीवर दिसली म्हणून सगळ्यांना कळली. दुसरी दिसत नाही. म्हणून कन्कशन झालेला खेळाडू आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसतो आणि मानेकडे कोणी बघतही नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलायची एक चांगली संधी येऊन गेली. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. वाद पेटला तो फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या बदल्यात वेगवान गोलंदाज कसा चालतो, याचा. राणाने तीन बळी घेतल्यावर तर विचारूच नका. डोक्याला हादरा बसलेला माणूस पुढे कसा सावरतो, हा प्रश्न त्या गदारोळात कुठे ऐकू आला नाही.

क्रिकेटपटूंभोवती निदान डॉक्टरांचा ताफा असतो. त्यामुळे हा विषय समजून घ्यायला आपण एक कबड्डीपटू घेऊ. समजा, सांगलीकडच्या एका कॉलेजच्या संघातली चढाईपटू आहे. बोनस घेऊन परतताना कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, तेवढ्यात दुसरीने बाजूने डॅश मारला. ती कुशीवर पडली आणि डोकं मॅटवर आपटलं. शुद्ध गेली नाही. “काही नाही सर,” म्हणत उठली. रात्री डोकं जड झालं, दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडून वहीकडे बघताना गरगरायला लागलं. सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. आता पाच आठवडे झालेत. डोक्याच्या मागून सुरू होणारी कळ डोळ्यापर्यंत येते, मान पटकन वळवली की जमीन हलल्यासारखी वाटते आणि घरचे म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग हे काय नवीन?

रिपोर्ट नॉर्मल येणारच होता. सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो, हाड मोडलेलं दाखवतो. कन्कशनमध्ये मोडतोड दिसण्यासारखी नसते, कामकाज बिघडलेलं असतं. मोबाइलचा फोटो काढून तो हँग झालाय का ते कळेल का? तसंच आहे हे. हादऱ्याने मेंदूच्या पेशींमधल्या क्षारांची अदलाबदल होते, ती पूर्ववत करायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली, पुरवठा कमी. डोकं जड होणं, उजेड-आवाज सहन न होणं, विचार सुचायला वेळ लागणं, हा सगळा त्या तुटवड्याचा परिणाम. शुद्ध हरपलीच पाहिजे असं मुळीच नाही. दहातल्या नऊ जणांची ती हरपत नाही.

हा तुटवडा बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत भरून निघतो. मग आपल्या चढाईपटूचं पाचव्या आठवड्यातही डोकं का दुखतंय?

देठ

माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. आट्याची पाच किलोची पिशवी बोटभर जाडीच्या सात मणक्यांवर तोललेली आहे असं समजा. एसटीने कचकन ब्रेक लावला की ही पिशवी पुढे जाते आणि झटक्याने मागे येते. ती आवरायचं काम मानेचं. डॅश बसला, जमिनीवर आपटलो, चेंडू लागला, तरी तेच होतं, फक्त कितीतरी जास्त जोराने. कन्कशन व्हायला डोक्याला जेवढा झटका लागतो त्याच्या कितीतरी कमी झटक्यात मान लचकू शकते. म्हणजे ज्या आघाताने मेंदू हादरला त्या आघाताने मान शाबूत राहिली असेल, असं गृहीत धरणंच मुळात धाडसाचं. पण डोक्याला लागलं म्हटल्यावर पेशंट, डॉक्टर, कोच, आई-वडील सगळे डोक्याकडे बघतात. देठाकडे कोण बघणार?

गंमत अशी, की मान दुखावल्यावर होणारा त्रास आणि कन्कशनचा त्रास हुबेहूब एकसारखा दिसतो. डोकेदुखी, चक्कर, डोळ्यांपुढे अस्पष्ट, लक्ष न लागणं. एकाची यादी दुसऱ्याच्या यादीवर ठेवली तर ओळखू येणार नाही.

डोकेदुखीचं कारण टपालासारखं आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांकडून येणाऱ्या नसा आणि कपाळ, डोळे, चेहरा यांच्याकडून येणारी नस, दोघींची टपाल मेंदूच्या बुडाशी एकाच पोस्टात उतरते. तिथून पुढे पाठवताना पत्ता चुकतो. दुखतं मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी, आणि पत्र पोचतं डोळ्याच्या मागे. माणूस कपाळाला बाम चोळत बसतो.

चक्करचं प्रकरण जास्त खोल आहे आणि मला ते जास्त आवडतंही. आपलं डोकं या क्षणी नेमकं कुठे आहे, कुठे वळतंय, हे मेंदूला तीन साक्षीदार सांगतात: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र, आणि मान. पहिले दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरा साक्षीदार म्हणजे कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला असलेले चार जोड्या छोटे स्नायू. बोटाच्या पेराएवढे. ताकद लावायला ते फारसे उपयोगाचे नाहीत. त्यांचं खरं काम मोजण्याचं. स्नायू किती ताणला गेला हे मोजणारे सूक्ष्म तंतू प्रत्येक स्नायूत असतात, पण इथे त्यांची दाटी विलक्षण आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये गर्भांमधल्या या स्नायूंची मोजणी प्रसिद्ध केली होती. त्यातल्या एका स्नायूत दर ग्रॅममागे २४२ असे तंतू भरले. खांद्यावरच्या मोठ्या स्नायूत ही संख्या जेमतेम दोन-तीन असते.

आता हे स्नायू दुखावले, आखडले, तर ते खोटी साक्ष द्यायला लागतात. डोळे म्हणतात, डोकं तीस अंश वळलं. कान म्हणतो, तीस. मान म्हणते, पंचवीस. मेंदूला तिघांचा मेळ घालता येत नाही, आणि मेळ न बसण्यालाच आपण चक्कर म्हणतो.

आधी हे, मग बाकीचं

पुढे व्यायामाचं बोलणार आहे, पण त्याआधी एक परिच्छेद सावकाश वाचा. मार लागल्यावर मानेत दुखत असेल, मणक्यावर दाबलं की कळ येत असेल, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, दोन-दोन दिसत असेल, उलट्या होत असतील, फिट आली असेल, डोकेदुखी वाढतच चालली असेल, माणूस गुंगीत जात किंवा चिडचिडा-अस्वस्थ होत चालला असेल, तर तो फिजिओथेरपीचा विषय नाही, तातडीने हॉस्पिटलचा आहे. मैदानावर अशा खेळाडूला बखोटीला धरून उठवू नये, हेल्मेट ओढून काढू नये, आणि मोटरसायकलवर मध्ये बसवून तर नेऊच नये. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याला नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत चेंडू लागला तो मानेच्या बाजूला. तिथली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. हेल्मेटमागचे ते मान झाकणारे जोड त्यानंतर आले.

याच कारणासाठी आणखी एक. मान आखडली की आपल्याकडे सलूनमध्ये जाऊन मान मोडून घ्यायची पद्धत आहे. दाढी, चंपी, आणि शेवटी हनुवटी धरून एक कट्, दुसऱ्या बाजूला एक कट्. बरं वाटतं, मान्य. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाने तिकडे फिरकू नये. त्या झटक्यात कुठली रक्तवाहिनी ताणली जाईल हे सांगता येत नाही.

टोपीवरचा लेझर

हाड, रक्तवाहिनी, मज्जारज्जू यांना धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आपली चढाईपटू फिजिओकडे येते. तिथे पहिला प्रश्न असतो: ही चक्कर कुणाची? कानाची, मेंदूची, की मानेची?

एक तपासणी फार साधी आहे. तिला फिरत्या खुर्चीत बसवतात. आधी मान स्थिर ठेवून अख्खी खुर्ची डावी-उजवीकडे फिरवतात. डोकं आणि धड एकत्र फिरतात, म्हणजे कान फिरला, मान वळली नाही. मग फिजिओ दोन्ही हातांनी तिचं डोकं जागच्या जागी धरून ठेवते आणि तिला पायांनी खुर्ची वळवायला सांगते. आता धड फिरतंय, डोकं तिथेच. कानाला काही कळलेलंच नाही, पण मान मात्र पिळली गेली. पहिल्यात काही नाही आणि दुसऱ्यात गरगरलं, तर संशयाची सुई मानेकडे वळते. नुसत्या एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो, पण पेशंटच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. पाच आठवडे ‘मनाचे खेळ’ म्हणून ऐकून घेतलेलं असतं तिने.

दुसरी तपासणी लेझरची. डोक्याला पट्टा, पट्ट्यावर लहानसा लेझर, समोर ९० सेंटिमीटरवर भिंत आणि भिंतीवर कागद. लाल ठिपका कागदाच्या मध्यावर आणायचा, डोळे मिटायचे, मान पूर्ण उजवीकडे न्यायची आणि डोळे न उघडता परत मध्यावर आणायची. “आली का मध्यावर?” “आली मॅडम.” डोळे उघडून पाहते तर ठिपका मध्यापासून चांगला वितभर लांब. सात सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साडेचार अंशांपेक्षा जास्त चूक वारंवार होत असेल, तर मानेचं मोजमाप बिघडलं आहे असं धरतात. तिची मान तिला सांगत होती की डोकं सरळ आहे. ते सरळ नव्हतं.

शिवाय तिला उताणं झोपवून, हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान पुढे वाकवून मग डावी-उजवीकडे वळवतात. अशा स्थितीत खालचे मणके जवळपास कुलूपबंद होतात आणि जे काय वळतं ते वरच्या दोन मणक्यांमधून. मानेचं निम्मं वळणं तसंही त्या एकाच जोडणीत असतं. दोन्हीकडे चाळीस-पंचेचाळीस अंश वळायला हवं. एका बाजूला तिसातच अडकलं, तर दुखण्याचा मुक्काम सापडला.

कानातले बारीक खडे जागचे हलून गादीवर कूस बदलताना गरगरतं, तो प्रकार वेगळा. मारानंतर तोही होतो, आणि डोकं ठरावीक पद्धतीने कलवून बहुतेकदा एक-दोन बैठकांत जातो. तो आहे का हे आधी पाहावं, नाहीतर मानेवर विनाकारण महिना जातो.

“सरळ बस!”

आता पोश्चर. हा शब्द ऐकला की प्रत्येक मराठी घरातला एक आवाज आठवतो: पोक काढून बसू नकोस. कन्कशननंतर पोश्चर बिघडतं हे खरं आहे. उजेड नको म्हणून अंधाऱ्या खोलीत, उशीवर उशी रचून, मान पुढे काढून मोबाइल बघत पडून राहणं. वळलं की गरगरतं म्हणून मान आणि खांदे एकसंध ठेवून नंदीबैलासारखं अख्खं वळणं. खांदे कानापर्यंत चढलेले. पण सरळ बसल्याने हे बरं होतं का?

याचं चांगलं उत्तर एका छोट्या अभ्यासात आहे. कॅनडातल्या कॅथरिन श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. १२ ते ३० वर्षांचे ३१ खेळाडू, सगळ्यांना कन्कशननंतर चक्कर, मानदुखी किंवा डोकेदुखी रेंगाळलेली. दोन गट पाडले. पोश्चर कसं ठेवायचं ते दोन्ही गटांना शिकवलं. मान हलवायचे साधे व्यायाम, विश्रांती आणि मग हळूहळू श्रम वाढवणं, हेही दोन्हींकडे. फरक इतकाच, की एका गटाला याच्यावर आठवड्यातून एकदा मानेचे नेमके उपचार आणि तोलाचे व्यायाम दिले. आठ आठवड्यांनी त्या गटातल्या १५ पैकी ११ जणांना डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. नुसत्या पोश्चर-व्यायाम-विश्रांतीच्या गटात १४ पैकी एकाला.

अभ्यास लहान आहे, त्यावर डोंगर रचू नये. तरी पोश्चर सुधारा आणि आराम करा एवढाच सल्ला देऊन पेशंटला घरी पाठवणाऱ्याने तो ‘एक’ आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरातले तज्ज्ञ जमले, तिथल्या सहमतीतही आलं, की चक्कर, मानदुखी, डोकेदुखी दहा दिवसांहून जास्त टिकली तर मान आणि तोल यांचे उपचार विचारात घ्यावेत. दहा दिवस. आपण पाच आठवडे वाट बघतो.

माझं मत विचाराल तर पोश्चर या शब्दाने आपला घोळ केलाय. आपण त्याचा अर्थ खुर्चीत ताठ बसणं असा घेतला. खेळाडूच्या बाबतीत योग्य शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: पवित्रा. चढाईपटू गुडघे वाकवून, धड पुढे झुकवून, नजर वर ठेवून उभी असते. म्हणजे वरचे मणके मागे दुमडलेले, नेमके तेच मणके जे दुखावलेत. हॉकीत चेंडू पुढे नेताना मान खाली असते आणि डोळे वर बघायला धडपडत असतात. यष्टिरक्षक बसलेला असतो आणि मान उचललेली. खुर्चीत सरळ बसायला शिकवून यांतल्या एकाचाही प्रश्न सुटत नाही. मान त्या-त्या पवित्र्यात, दमलेली असताना, काम करू शकते का, हे पाहावं लागतं.

‘हं’ म्हणण्याचा व्यायाम

सुरुवात मात्र अगदी बारक्या हालचालीपासून होते. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्याही मागे, मणक्यांना चिकटून दोन लांबट स्नायू आहेत. मान आतून धरून ठेवणारे हे. दुखापत झाली की ते कामचुकार होतात आणि त्यांचं काम मानेच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे दिसणारे मोठे स्नायू ओढून नेतात. ते थकतात, ताठतात, दुखतात.

आतल्या स्नायूंना जागं करायची पद्धत क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलेन जुल यांच्या कामातून जगभर गेली. उताणं झोपायचं, मानेखाली हवेची छोटी पिशवी, तिला जोडलेला दाब मोजणारा काटा. रक्तदाबाच्या यंत्रासारखंच दिसतं ते. काटा २० वर ठेवायचा. मग मोठ्यांच्या बोलण्याला आपण नुसतं ‘हं’ करताना हनुवटी जेवढी हलते तेवढीच हलवायची. डोकं उचलायचं नाही, हनुवटी दाबायची नाही. काटा २२ वर जातो. दहा सेकंद तिथेच धरायचा. जमलं तर २४, मग २६, असं ३० पर्यंत. ऐकायला पोरखेळ वाटतो. सव्वाशे बैठका मारणारी मुलगी पहिल्या दिवशी २४ वर थरथरते, बाजूच्या दोऱ्या टरारून वर येतात, आणि फिजिओ म्हणते, “थांब, तू ताकद लावतेयस. मला ताकद नकोय.” खेळाडूला हे पचवणं कठीण जातं. घरी ते यंत्र नसतं, तेव्हा दुमडलेला नॅपकिन मानेखाली आणि दोन बोटं मानेच्या बाजूच्या दोऱ्यांवर ठेवायची. त्या ताठल्या तर थांबायचं.

जोडीला अडकलेल्या सांध्यांना फिजिओच्या हातांनी हळुवार मोकळं करणं. आणि साक्षीदाराला पुन्हा खरं बोलायला शिकवणं: तोच लेझर डोक्याला लावून भिंतीवर काढलेलं अक्षर गिरवायचं. आडवा आठ काढतात साधारणपणे. आपल्याकडे मोठा ‘ळ’ काढला तरी काम होतं. लहानपणी पाटीवर गिरवला तसाच, फक्त मानेने. आधी बसून, मग उभं राहून, मग एका पायावर. नजर स्थिर ठेवायचा व्यायामही असतो: हात लांब करून अंगठ्यावर लिहिलेल्या अक्षरावर डोळे रोखायचे आणि डोकं नाही-नाही म्हणल्यासारखं हलवायचं. अक्षर फुटायला लागलं की वेग कमी करायचा.

त्रास किती झाला तर चालेल? दहापैकी दोन अंकांपर्यंत वाढला आणि तासाभरात पूर्ववत झाला, तर हरकत नाही. त्याहून जास्त म्हणजे आज जास्त झालं, उद्या कमी. शून्य त्रासाची वाट बघत पडून राहणं ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमी, आणि त्यानंतर चालणं सुरू. अमेरिकेत बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की कन्कशननंतर लवकर, मोजून-मापून दमसासाचा व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ लागले. मानेचे व्यायाम आणि हे चालणं-सायकल हातात हात घालून चालतात. एकासाठी दुसरं थांबवायचं नसतं.

मानेचा पट्टा, म्हणजे कॉलर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नये. आधीच कामचुकार झालेल्या स्नायूंना ती रजाच मिळते.

आखाड्यातली मान

इथे कोल्हापूर-सांगलीकडचा वाचक म्हणेल, आमच्या तालमीत मान कमावतातच की. बरोबर आहे. पैलवानाची मान बघून कॉलरचं माप चुकतं. आणि तालमीतल्या वस्तादांना जे अनुभवाने माहीत होतं त्याला थोडा आकड्यांचा आधारही मिळालाय. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंच्या मानेची ताकद मोजून त्यांच्यावर लक्ष ठेवलेला २०१४ चा मोठा अभ्यास आहे, ६,७०४ मुलामुलींचा. मानेची ताकद एका पौंडाने जास्त, तर कन्कशनची शक्यता सुमारे ५ टक्के कमी, असं त्यात दिसलं. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाने शाळकरी रग्बी संघांना वॉर्म-अपमध्ये मान, तोल आणि उड्यांचे व्यायाम दिले. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा ते करणाऱ्या संघांत कन्कशनचं प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी आढळलं. बारीक मानेच्या मुलींना आणि वाढत्या वयातल्या मुलांना याची गरज जास्त.

पण डोकं जमिनीला टेकवून मानेवर अख्खं अंग तोलायचा जो ब्रिज आहे, तो कन्कशनमधून उठलेल्याने लगेच करू नये. वस्ताद रागावले तरी. ताकद आणायची ती हाताच्या तळव्यापासून: तळवा कपाळाला, डोकं तळव्याला, दोन्हीकडून सारखा हलका दाब, हालचाल शून्य, सहा-सात सेकंद. मग बाजूंनी, मागून. पुढच्या टप्प्यात रबरी पट्टा. त्यानंतर डोळे मिटून, कुठून धक्का येणार हे न सांगता जोडीदाराने दिलेले हलके धक्के, कारण मैदानावर डॅश सांगून येत नाही. ब्रिज फार पुढची गोष्ट, आणि कबड्डीपटूला त्याची गरजही नाही.

परत मॅटवर

परतीच्या सहा पायऱ्या आहेत. रोजची हलकी कामं, मग चालणं-सायकल, मग एकटीने फूटवर्क, मग संघाबरोबर पण अंगाला न लागता, मग पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. चौथ्या पायरीआधी डॉक्टरांची परवानगी लागते, कारण तिथून पुढे डोक्याला लागायची शक्यता सुरू होते. कॉलेज आधी, कबड्डी नंतर. फळ्याकडे बघून गरगरणारी मुलगी चढाईला जाऊ शकत नाही. फायनल रविवारी आहे, हे या हिशोबात धरत नाहीत.

पायऱ्यांच्या तक्त्यात मान वेगळी लिहिलेली नसते, ती आपण लिहायची. तिसऱ्या पायरीवर तिला चढाईच्या पवित्र्यात उभं करतात, डोक्याला लेझर, आणि पाय दोन्हीकडे हलवताना ठिपका समोरच्या कागदावरून उडू द्यायचा नाही. आधी ताजी असताना, मग दहा मिनिटं पळवून दमवल्यावर. दमल्यावर ठिपका पळाला तर तिसरी पायरी पूर्ण झालेली नाही, तिला कितीही बरं वाटत असलं तरी.

आणि पाचव्या पायरीवर, पहिल्यांदा खरी पकड होते तेव्हा, फिजिओ गुणफलकाकडे बघत नसते. ती बघते चढाईपटूचे खांदे. समोरून डॅशसाठी कुणी सरकली की क्षणभर आधी खांदे कानांकडे चढतात का, डोळे मिटतात का. चढत असतील तर तिला अजून आपल्या मानेचा भरवसा नाही. अशी मुलगी उशिरा वळते आणि उशिरा वळणारीला डॅश नीट बसतो. कोचशी थोडी बोलाचाली होते, मग तिला दोन दिवस पुन्हा चौथ्या पायरीवर आणतात, जोडीदाराच्या हलक्या धक्क्यांसह. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच पकड, तोच कोपरा, आणि फिजिओची नजर पुन्हा खांद्यांवर.